वीटभट्टीवरची वही : याला गुलामगिरी म्हणावे की नाही?

पर्वतीकर (धागाकर्ता)

नमस्कार. घराच्या मागच्या अंगाला दोन खोल्या वाढवण्याचे काम काढले आहे. ठेकेदाराने आणलेल्या पहिल्या खेपेतील विटा कच्च्या निघाल्या, म्हणून गेल्या रविवारी त्याच्याबरोबर मी स्वतःच जिल्ह्याच्या पश्चिमेकडील एका भट्टीवर गेलो. नऊ-दहा वर्षांची एक मुलगी थापलेल्या ओल्या विटांच्या ओळींवरून चालत एकेक वीट कुशीवर उभी करीत होती. मोठ्या माणसाचा पाय पडला तर ओली वीट दबते, पोरांचे वजन कमी असते, म्हणून हे काम त्यांच्याकडे असते, असे ठेकेदाराने मला अगदी सहजपणे सांगितले.

मुलीची आई कातकरी समाजाची. "घरी कधी जाणार?" असे मी विचारले, तेव्हा तिने मुनीम बसला होता त्या बाजेकडे बोट दाखवून म्हटले, "वही म्हणंल तवा."

बँकेत तेहतीस वर्षे काढल्यामुळे वही दिसली की माझी नजर बेरजेकडे जाते. मुनीम भला माणूस, त्याने पान उघडून दाखवले. दिवाळीच्या सुमारास नवरा-बायकोने मिळून घेतलेला बयाणा, म्हणजे कामाआधीची उचल, ३०,००० रुपये. त्यानंतर पंधरा आठवडे, दर आठवड्याला १,००० प्रमाणे खर्ची, म्हणजे खाण्यापिण्यासाठी दिलेले पैसे, १५,०००. नवऱ्याच्या तापाचे दवाखान्याचे ४,२००. जमेच्या बाजूला ४५,००० विटा, हजारी ६०० रुपये दराने २७,०००. अवकाळी पावसाने विरघळलेल्या विटा मोजलेल्या नाहीत. बाकी २२,२००, आणि ती फिटेपर्यंत कुटुंबाने भट्टी सोडायची नाही. कोणी मारझोड करीत असल्याचे मला दिसले नाही आणि कुंपणही नव्हते.

घरी येऊन सौभाग्यवतींना म्हणालो की ही गुलामगिरीच आहे. त्या म्हणाल्या, शब्द जपून वापरा. म्हणून येथे विचारतो, हा शब्द जास्त होतो का?

ओंकार_बाणेर

माझ्या मते जास्त होतो. गुलामगिरी म्हटले की साखळदंड, जहाजे आणि माणसांचा लिलाव डोळ्यांसमोर येतो. येथे सज्ञान माणसांनी स्वतःच्या पायांनी येऊन उचल घेतली आहे आणि काम करून ती फेडत आहेत. मजुरी कमी असेल तर त्याला शोषण म्हणा, त्यावर कारवाई व्हावी. पण प्रत्येक अन्यायाला सर्वांत मोठा शब्द चिकटवला की तो शब्दच झिजतो. आमच्या कंपनीतही दोन वर्षांचा बॉण्ड आणि तीन महिन्यांची नोटीस असते, म्हणजे मग आम्हीही वेठबिगारच म्हणायचे.

मीरा_कर्वेनगर

ओंकार, तुमच्या वेठबिगारीत कॉफी फुकट असते, हा तपशील आपण गाळलात.

जुना_वकील

ओंकार यांचा मुद्दा थट्टेवारी नेण्यासारखा नाही, कारण न्यायालयांपुढे मालकांच्या वतीने तो अनेकदा मांडला गेला आहे. त्याचे उत्तर मात्र कायद्यात आहे.

वेठबिगार पद्धत निर्मूलनाचा वटहुकूम ऑक्टोबर १९७५ मध्ये निघाला आणि १९७६ मध्ये त्याचा कायदा झाला. त्यातील व्याख्येत साखळदंडाचा उल्लेख कोठेही नाही. उचलीच्या मोबदल्यात मजुराने दुसरीकडे काम करण्याचे स्वातंत्र्य, हवे तेथे जाण्या-येण्याचे स्वातंत्र्य किंवा आपले श्रम बाजारभावाने विकण्याचा हक्क यांपैकी काहीही गमावले असेल, तर ती वेठबिगारी होय. तो स्वतःहून आला की त्याला ओढून आणले, याला महत्त्व नाही. अशी उचल फेडण्याची जबाबदारीच हा कायदा संपवतो, म्हणजे वहीतील ती २२,२०० रुपयांची बाकी कायद्याच्या लेखी शून्य ठरू शकते. शिवाय, हे वेठबिगारीचे कर्ज नव्हे असे म्हणायचे असेल तर ते सिद्ध करण्याचा भार धनकोवर आहे, मजुरावर नाही.

बॉण्डचे म्हणाल तर, आपण उद्या राजीनामा दिलात तर कंपनी फार तर पैशांचा दावा लावील. पण आपल्याला खुर्चीवर बसवून ठेवण्याचा हुकूम तिला कोणतेही न्यायालय देणार नाही.

आणखी एक. दिल्लीतील १९८२ च्या आशियाई क्रीडा स्पर्धांच्या बांधकामांवरील मजुरांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी असे म्हटले की, किमान वेतनापेक्षा कमी पैशांत करून घेतलेले काम हे राज्यघटनेच्या अनुच्छेद २३ मधील सक्तीचे श्रम होत, आणि सक्ती केवळ दंडुक्याची नसते, ती उपासमारीचीही असते. मग फरिदाबादच्या दगडखाणींच्या प्रकरणात न्यायालय आणखी पुढे गेले. सक्तीचे श्रम दिसले की त्यामागे उचल आहे असे गृहीत धरावे, उलट असेल तर ते मालकाने दाखवावे.

पर्वतीकर, आपण आकडे दिलेच आहेत म्हणून भागाकारही करून टाकतो. पंधरा आठवड्यांचे १०५ दिवस आणि दोन माणसे. २७,००० भागिले २१० म्हणजे माणशी रोज १२८ रुपये आणि वर काही पैसे. रोजगार हमीचा महाराष्ट्रातील दर २०२५-२६ साठी ३१२ रुपये ठरला होता. आणि त्या मुलीचे श्रम मी या भागाकारात धरलेले नाहीत.

पर्वतीकर

तेहतीस वर्षे बँकेत काढली असे फुशारकीने लिहिले आणि हा भागाकार मात्र मी केला नाही, याची लाज वाटते. मी फक्त बाकी तपासली आणि ती बरोबर आहे हे पाहून समाधान मानले.

वहिवाट

येथे सगळे एका सुरात बोलत आहेत, म्हणून दुसरी बाजू मांडतो. माझ्या सासऱ्यांची भट्टी होती. हंगामाच्या आधी पंधरा-वीस कुटुंबांना बयाणा द्यावा लागे, आणि तो व्याजाने काढलेला पैसा असे. त्यांपैकी तीन-चार कुटुंबे दरवर्षी येतच नसत. दुसऱ्या भट्टीवाल्याकडूनही उचल घेऊन तिकडे गेलेली असत. एका वर्षी मार्चमध्ये गारपीट झाली आणि थापलेला सगळा माल चिखल झाला, तेव्हा सासूबाईंच्या बांगड्या मोडाव्या लागल्या. बँक कातकऱ्याला दारात उभे करीत नाही. पावसाळ्यात त्याच्या घरी तांदूळ नसतो तेव्हा तो भट्टीवाल्याकडेच येतो. बयाणा बंद करा म्हणणे सोपे आहे. श्रावणात त्याला पैसे कोण देणार, हे सांगा.

बालाघाट

वहिवाट यांनी विचारलेला प्रश्न खरा आहे, पण त्यांनी त्यातून काढलेले तात्पर्य मला मान्य नाही. मी बीड जिल्ह्यातला, ऊसतोड कामगारांचा मुलगा, आता हडपसरला राहतो आणि एका कारखान्यात नोकरी करतो. थोडे सविस्तर लिहितो.

ऊसतोडीत माणसे मोजत नाहीत, कोयते मोजतात. एक कोयता म्हणजे नवरा आणि बायको. उचल कोयत्यावर मिळते, म्हणजे नवऱ्याच्या हातात पडते, आणि बायको त्या हिशेबात न विचारता धरलेली असते. मुलांची लग्ने लवकर उरकण्यामागे आमच्याकडे जी कारणे आहेत त्यांत हेही एक आहे, की लग्न झाले की अर्ध्या कोयत्याचा पूर्ण कोयता होतो. दसरा झाला की टोळ्या निघतात आणि पट्टा पडेपर्यंत, म्हणजे साधारण मार्च-एप्रिलपर्यंत, गावात म्हातारी माणसे आणि शाळेसाठी मागे ठेवलेली पोरे एवढीच उरतात. मी त्या मागे ठेवलेल्यांपैकी, म्हणून आज हे लिहू शकतो. माझ्या थोरल्या बहिणीला आईबरोबर फडावर, म्हणजे तोडीच्या उसाच्या शेतावर, जावे लागले, कारण कोपीवर (तेथल्या झोपडीत) धाकट्याला सांभाळायला कोणीतरी हवे होते.

एक दिवस कामावर गेले नाही तर खाडा धरतात. मजुरी तर बुडतेच, वर दंड बसतो. आईला चौथ्या महिन्यात रक्तस्राव सुरू झाला तेव्हा तिने दोन खाडे केले, आणि ते दोन्ही खाडे मुकादमाच्या, म्हणजे उचल देऊन टोळी नेणाऱ्याच्या, वहीत पुढच्या वर्षापर्यंत शिल्लक होते. बीडमधील ऊसतोड महिलांच्या गर्भाशये काढण्याच्या शस्त्रक्रियांवरून २०१९ मध्ये राज्यभर गदारोळ झाला आणि शासनाने चौकशी समिती नेमली, तेव्हा पुण्यातील माझ्या सहकाऱ्यांना धक्का बसला होता. मला बसला नाही. पाळीच्या दिवसांतही खाडा परवडत नाही, एवढे समजले की बाकीचे आपोआप समजते.

आता सोडून जाण्याविषयी. माझ्या चुलत्याने एका हंगामात मध्येच फड सोडला. आठ दिवसांत मुकादम दोन माणसे घेऊन दारात आला आणि चुलत्याच्या जागी त्याच्या सतरा वर्षांच्या मुलाला घेऊन गेला. पोलिसांत जावे असे कोणाच्या मनातही आले नाही, कारण चूक आपलीच आहे, पैसे आपण घेतले आहेत, असे चुलताच म्हणत होता. ओंकार, आपण साखळदंड शोधत आहात. तो बाहेर दिसत नाही, कारण पैसे बुडवणारा तो नीच, ही शिकवण गरिबाच्या मनात श्रीमंतापेक्षा खोल रुजलेली असते.

मुकादमाला मात्र मी सरसकट राक्षस म्हणणार नाही. तोही कारखान्याच्या वाहतूकदाराकडून पैसे उचलतो, टोळी पळाली तर त्याचीच जमीन जाते, आणि टोळीच्या नावाने पैसे घेऊन स्वतः पळालेले मुकादमही मी पाहिले आहेत. उचल वरपासून खालपर्यंत सगळ्यांना बांधते, फक्त सगळ्यांत खालच्याला ती शरीराने फेडावी लागते.

मीरा_कर्वेनगर

बालाघाट, आपण लिहिलेत हे फार बरे झाले. मघाच्या कॉफीच्या विनोदाचे आता मलाच वाईट वाटते आहे.

बालाघाट

विनोद असू द्या ताई. फडावरची माणसे आपल्यापेक्षा जास्त हसतात.

सिमेंटवाले_काका

मूळ प्रश्न घराचा होता असे समजून सांगतो. लाल विटांचा नाद सोडावा आणि राखेचे हलके ठोकळे वापरावेत. भिंत सरळ येते, गिलावा कमी लागतो आणि असले प्रश्नही पडत नाहीत.

जुना_वकील

काका, ठोकळ्यांच्या कारखान्यातील मजूर कोणत्या ठेकेदाराकडून आणि कोणत्या अटीवर येतात, हे एकदा विचारून पाहावे. भिंत सरळ येते याबद्दल मात्र वाद नाही.

जुनी_पाने

शब्दाविषयी मला काही सांगायचे आहे, कारण हा शब्द पुण्याला परका नाही. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हे पुस्तक लिहिले आणि गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना ते अर्पण केले. त्या काळीही अनेकांना हा शब्द अतिशयोक्तीचा वाटला असणार. फुल्यांनी तो विचारपूर्वक निवडला होता.

आणि त्यापूर्वीचे पुणे तरी कोठे निष्कलंक होते? पेशवेकालीन कागदपत्रांत कुणबिणी आणि बटकी या दासींच्या खरेदी-विक्रीच्या नोंदी सापडतात. त्या घरकामाला असत, आंदण म्हणून दिल्या जात आणि त्यांची किंमत रुपयांत लिहिलेली असे. याउलट शिवाजी महाराजांनी १६७७ मध्ये कर्नाटकाच्या स्वारीच्या वेळी डच व्यापाऱ्यांना आपल्या मुलखात गुलामांची खरेदी करण्यास मनाई केली होती, हेही नोंदवलेले आहे. म्हणजे हे चुकीचे आहे एवढी समज साडेतीनशे वर्षांपूर्वी होती. पुढच्या काळात ती सोयीने विसरली गेली.

इंग्रजांविषयीही एक गैरसमज दूर करावा. ब्रिटिश संसदेने १८३३ मध्ये गुलामी रद्द केली खरी, पण कंपनी सरकारचा मुलूख त्यातून वगळला होता. येथे कायदा आला तो १८४३ मध्ये, आणि त्यानेही एवढेच केले की गुलामावरील मालकी न्यायालये मान्य करणार नाहीत. कर्जापोटी राबणारा माणूस त्या कायद्याच्या जाळ्यातून अलगद निसटला. ठाणे जिल्ह्यात लग्नासाठी कर्ज घेऊन जन्मभर सावकाराकडे राबणाऱ्याला ‘लग्नगडी’ म्हणत, आणि १९४५ चा वारल्यांचा उठाव या वेठीविरुद्धच होता. त्याचे नेतृत्व करणाऱ्या गोदावरी परुळेकर या पुण्याच्याच.

सालगडी_नव्हे

आमच्याकडे पाडव्याला सालगडी, म्हणजे वर्षभरासाठीचा शेतगडी, ठरतो. माझे आजोबा गड्याला नवे धोतर देत, ते मला फार प्रेमाचे वाटे. गड्याची मागची बाकी नव्या सालात ओढली जात असे, हे मला आजोबा गेल्यावर जुन्या वह्या चाळताना कळले.

मस्कत_ते_कोथरूड

केवळ भारताला दोष देऊन चालणार नाही. मी आखातात अकरा वर्षे होतो. कफाला पद्धतीत मजुराचा व्हिसा मालकाच्या नावाशी बांधलेला असतो आणि पासपोर्ट बहुधा मालकाच्या कपाटात. आमच्या बांधकामावरील एका सुताराची आई वारली, तेव्हा सुटी मंजूर झाली, पण पासपोर्टाच्या कपाटाची किल्ली ज्याच्याकडे होती तो गृहस्थ परगावी होता. सुतार तेराव्यालाही पोहोचला नाही. कतारने २०२० मध्ये नोकरी बदलण्यासाठी मालकाच्या परवानगीची अट काढली, ही चांगली गोष्ट झाली; कागदावरचे प्रत्यक्षात किती उतरले, ते तेथे आज राबणाऱ्याला विचारावे.

आणि हे फक्त अडाण्यांचे होते असे ओंकार यांना वाटत असेल, तर मार्च २०२५ आठवावा. थायलंडमध्ये संगणकावरील नोकरी मिळेल म्हणून गेलेल्या मुलांना सीमेपलीकडे म्यानमारमध्ये नेऊन, कुंपणाच्या आत ठेवून, ऑनलाइन फसवणुकीच्या कामाला जुंपले होते. आपल्या सरकारने पाचशेहून अधिक जणांना हवाई दलाच्या विमानांनी परत आणले. त्यांना इंग्रजी येत होते, संगणक येत होता, आणि तेही स्वतःच्या पायांनीच गेले होते.

ओंकार_बाणेर

स्वतःच्या पायांनी आला की नाही, ही माझी कसोटी अपुरी होती, हे मान्य करतो. तो परत जाऊ शकतो का, ही कसोटी अधिक योग्य दिसते. तरीही माझी एक शंका शिल्लक आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि तिच्या सहयोगी संस्थांच्या २०२१ च्या अंदाजानुसार जगात सुमारे ५ कोटी माणसे आधुनिक गुलामगिरीत आहेत. त्यांपैकी २ कोटी ७६ लाख सक्तीच्या श्रमात आणि २ कोटी २० लाख सक्तीच्या विवाहात. इतक्या वेगवेगळ्या गोष्टी एका शब्दात कोंबल्या, तर उपाय नेमका कशावर करायचा?

जुना_वकील

ही शंका रास्त आहे. म्हणूनच अर्ज करताना गुलामगिरी हा शब्द लिहू नये, वेठबिगारी लिहावा आणि कलमे लिहावीत. गप्पांत कोणताही शब्द वापरा.

दमयंती

भट्टी आणि फड दूर असल्यामुळे आपण सगळे मोकळेपणाने लिहितो आहोत. आमच्या इमारतीत एका सुशिक्षित कुटुंबाकडे गावाकडून आणलेली बारा-तेरा वर्षांची मुलगी बाळ सांभाळायला होती. तिचे पैसे परस्पर वडिलांना जात. तिला खाली एकटीने येण्याची परवानगी नव्हती, आणि ‘आम्ही तिला घरच्यासारखे वागवतो’ हे वाक्य त्या बाई इतक्या मनापासून म्हणत की त्यांना काही विचारणे मला उद्धटपणाचे वाटे. चौदा वर्षांखालील मुलांना घरकामाला ठेवण्यास २००६ पासूनच बंदी आहे, हे मला माहीत होते. मी दीड वर्ष रोज लिफ्टमध्ये तिच्याकडे पाहून हसले. यापलीकडे मी काही केले नाही.

हिरडा_बेहडा

मी कातकरी वस्त्यांवर बरीच वर्षे काम केले आहे, म्हणून वहिवाट यांच्या प्रश्नाकडे परत येते, कारण या धाग्यातील सर्वांत अवघड प्रश्न तोच आहे.

मजुराला सोडवणे हा भाग तुलनेने सोपा आहे. उपविभागीय दंडाधिकाऱ्यांनी चौकशी करून मुक्ती प्रमाणपत्र द्यायचे असते. २०१६ च्या केंद्रीय योजनेत सज्ञान पुरुषासाठी १ लाख, स्त्रिया आणि मुलांसाठी २ लाख आणि अतिशय गंभीर प्रकरणांत ३ लाख रुपयांचे पुनर्वसन साहाय्य आहे. मेख अशी, की तातडीची थोडी रक्कम सोडली तर मोठा भाग खटल्याच्या निकालाला जोडलेला आहे, आणि मालकाला शिक्षा होईपर्यंत तीन पावसाळे जातात. त्या दरम्यान शिधापत्रिकेवर नाव नाही, जमीन नाही, जातीचा दाखला नाही. मग ज्याच्या तावडीतून सुटले त्याच्याच भावाकडून पुढच्या वर्षी बयाणा घेतला जातो. माझ्या डोळ्यांसमोर असे झाले आहे, आणि मला त्या बाईला अडवता आले नाही, कारण माझ्या हातात तिला देण्यासाठी तांदूळ नव्हता, माहितीपत्रक होते.

जेथे फरक पडला तेथे माणसे संघटित होती. वसई-ठाण्याच्या पट्ट्यात श्रमजीवी संघटनेने आदिवासी वेठबिगारांना स्वतःच्या मुक्तीचे अर्ज स्वतः करायला शिकवले. पुण्यात पाहायचे असेल तर हमाल पंचायत ही हमालांची संघटना आणि ओझी वाहणाऱ्या कामगारांसाठीचा १९६९ चा माथाडी कायदा पाहावा. हमालाची मजुरी त्या कायद्याखालील मंडळाकडे जमा होते, त्यामुळे त्याला कोणा एका व्यापाऱ्याच्या वहीत राहावे लागत नाही. वहिवाट, उचल वाईट म्हणून नव्हे, तर उचल देणारा, काम घेणारा आणि हिशेब लिहिणारा हे तिघे एकच असतात म्हणून माणूस अडकतो. यांपैकी एक जरी वेगळा काढला तरी बयाणा हे साधे कर्ज होते.

वहिवाट

हे पटण्यासारखे आहे. सासऱ्यांची वही मजुरांपैकी कोणालाच वाचता येत नव्हती, हे मी मघाशी लिहिले नव्हते.

पर्वतीकर

सर्वांचे आभार. काय झाले ते कळवतो.

जुना वकील यांनी सांगितल्याप्रमाणे वेठबिगारी असा शब्द लिहून तीन प्रतींत अर्ज केला आणि वहीतील आकडे, जेवढे आठवत होते तेवढे, जोडले. कार्यालयात अर्ज घेणाऱ्याने दोनदा विचारले, "तुमचा या प्रकरणाशी काय संबंध?" अर्जात तसा रकानाही होता. मी बराच वेळ विचार करून त्यात ‘विटांचा ग्राहक’ असे लिहिले. पोच मिळाली आहे. गुरुवारी स्थळपाहणी आहे असे सांगण्यात आले, परंतु भट्टीवाल्याला ते अगोदर कळले असावे, कारण काल त्याचा ठेकेदाराला फोन आला आणि ठेकेदार माझ्याशी बोलेनासा झाला आहे.

त्या भट्टीच्या अडीच हजार विटा आधीच अंगणात येऊन पडल्या आहेत. सौभाग्यवतींनी आता शब्दाविषयी बोलणे सोडले आहे. विटांचे काय करायचे, एवढेच विचारतात. काही विटांवर कडेला लहान बोटांचे ठसे उमटले आहेत.

हिरडा_बेहडा

गुरुवारपर्यंत थांबू नका, ते कुटुंब आधीच हलवले जाऊ शकते. आज रात्रीच वस्तीवरच्या कोणाकडून तरी निरोप गेला पाहिजे. मला खाजगी संदेशात भट्टीचा पत्ता पाठवा.

बालाघाट

गुरुवारी मी रजा टाकली आहे, सोबत येतो. त्या मूळ वहीच्या जागी नवी वही दाखवतील, त्यामुळे पान पाहिल्याचा दिवस आणि वेळ आजच लिहून ठेवा, आणि मुनीम भला माणूस आहे म्हणालात तर त्याचे नाव अर्जात आधी घालू नका.